न शिवलेली बाही

वर्तकबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस दूर गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मला ती पाळायची नाही. लखनौला मी जवळजवळ दोन वर्षं त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. या काळात माझ्या घरातली एक वस्तू, माझ्या अंगावरचा एक कपडा किंवा माझ्या हातचा एक पदार्थ त्यांनी काही बोलल्याशिवाय सोडला असेल, तर तो त्या दिवशी त्यांच्या नजरेला पडला नसेल एवढंच.

बँकेने बढती देऊन मला अमरावतीहून उचललं आणि लखनौच्या कानपूर रोडवरच्या एका शाखेत नेऊन टाकलं. नवऱ्याची नोकरी अमरावतीतच, त्यामुळे मी एकटी. मराठी मंडळातल्या एका बाईंनी पत्ता दिला. महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला मार्केटच्या मागे, वर्तकांचं घर. वरचा मजला नुकताच रिकामा झालाय, माणसं चांगली, घर सुरक्षित. एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाकी तुम्हाला कळेलच."

ते पाच मिनिटांत कळलं. वर्तकबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सत्तरीला आलेल्या, किरकोळ अंगाच्या, गळ्यात कपडे मोजायची टेप. ही टेप त्या घरात सतत घालत, चष्मा घालावा तशी. यजमान एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतः बाईंनी मुलींच्या इंटर कॉलेजात तीस वर्षं गृहविज्ञान शिकवलेलं. मी नाव सांगितलं, नोकरी सांगितली. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. माझ्या कुर्त्याच्या खालच्या कडेकडे बघत होत्या.

"ही दुमड कोणी घातली?"

"टेलरने," मी म्हटलं.

"उसवा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी समजावून सांगितलं की दुमड एका बाजूने ओढतेय, उसवून पुन्हा घालायला हवी. मग भाडं, पाण्याची वेळ, मोटर कधी लावायची ते सांगितलं. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'देशमुख' अशीच हाक मारली. माझं पहिलं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

'उसवा' हा त्यांचा शब्द होता. तो फक्त शिवणापुरता नव्हता. मी रजेचा अर्ज लिहिला आणि दाखवला तर म्हणाल्या, दुसरं वाक्य उसवा. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाल्या, साखरपुड्यालाच उसवायला हवं होतं. दुकानदाराशी, भाजीवाल्या भैयाशी त्या स्वच्छ, व्याकरणशुद्ध हिंदीत बोलत आणि त्याचंही हिंदी दुरुस्त करत. तो हसून "जी माताजी" म्हणे आणि पुढच्या गल्लीत निघून जाई.

मी गेले त्याच महिन्यात मंडळाचा गणेशोत्सव होता. लहान मुलांच्या वेशभूषेच्या स्पर्धेला वर्तकबाई परीक्षक. पंधरा-वीस मुलं नटून आलेली. कोणी मावळा, कोणी मोर, कोणी चंद्र. मुलं स्टेजवर येऊन दोन वाक्यं बोलत आणि खाली उतरत. बाईंनी त्यांचं बोलणं ऐकलं नाही. स्पर्धा झाल्यावर त्यांनी सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या पोशाखाची कड उलटून आतली शिवण पाहिली. मोराचा पिसारा मागून स्टेपलरच्या पिनांनी लावलेला होता. त्यातली एक पिन त्यांनी काढून त्याच्या आईच्या हातात ठेवली. मग माइक घेऊन जाहीर केलं की यंदा पहिला क्रमांक कोणालाच नाही, दुसराही नाही. मुलांना काही कळलं नाही, ती टाळ्या वाजवत होती. आयांना कळलं. पुढच्या वर्षापासून परीक्षक बदलले.

वरच्या मजल्यावर माझ्या आधी कोण राहत होतं, ते मला मंडळातच कळलं. त्यांचा मुलगा निखिल, सून श्वेता आणि नातू ईशान. श्वेता लखनौचीच, हिंदी घरातली. नातवाचा पहिला वाढदिवस झाला आणि महिन्याभरात ते तिघं घर सोडून सरोजिनी नगरला, विमानतळाच्या बाजूला एका सोसायटीत राहायला गेले. एकाच शहरात. का गेले, ते मात्र कोणी सांगेना.

सामान लावताना कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, मागे, मला एक लहान पोशाख सापडला. पिवळा, आंब्याच्या आकाराचा झबल्यासारखा कपडा, गळ्याशी हिरवी पानं, सोबत देठाची टोपी. हाताने शिवलेला, टाके लहान-मोठे. उजवी बाही काखेपासून कापलेली आणि लोंबत होती. मी तो खाली नेऊन दिला. वर्तकबाईंनी घेतला, घडी घातली आणि आत गेल्या. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे इतकं दुर्मीळ होतं की माझ्या लक्षात राहिलं.

आता गोधडीचं सांगते, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल.

माझी आई मी लखनौला येण्याच्या आदल्या वर्षी गेली. शेवटची दोन वर्षं तिचे हात थरथरत. त्या थरथरत्या हातांनी तिने माझ्यासाठी एक गोधडी शिवली. टाके कुठे बोटभर लांब, कुठे एकावर एक, ओळ तर कुठेच सरळ नाही. मी ती सोबत आणली होती. जानेवारीत लखनौला चांगली थंडी असते, आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. एक दिवस ऊन पडलं म्हणून मी गोधडी गच्चीवर टाकून ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर गोधडी घडी करून माझ्या दाराशी ठेवलेली. उघडून पाहिली. सगळी कड आणि आतल्या ओळी नव्याने घातलेल्या, एकसारख्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

मी खाली गेले. त्या चहा पीत होत्या. म्हणाल्या, एका कोपऱ्याचा दोरा निघाला होता, मग म्हटलं सगळीच काढून नीट घालावी, हात कच्चा होता कोणाचातरी. वर येऊन मी जुने दोरे त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात शोधायला परत खाली जावं की काय, असा विचार करत बसले. त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतं हो-नाही सोडून बोलले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला त्या जिना चढून वर आल्या. हातात फोन. ईशान दोन वर्षांचा होणार होता. निखिल आईला फोटो पाठवत नसे, पण तो स्टेटसवर टाकी आणि त्या दिवसातून दहादा बघत. एका व्हिडिओत पोरगं गच्चीवर कबुतरांच्या मागे धावत होतं आणि "कबू, कबू" म्हणत होतं. वर्तकबाईंनी ठरवलं होतं की केक कबुतराचा आणि पोशाखही कबुतराचा. माझी शाखा सरोजिनी नगरच्याच रस्त्यावर, माझ्याकडे गाडी, आणि वाढदिवस रविवारी. मी नेऊन देऊ शकेन का, असं त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. का म्हटलं तेही सांगते. सून त्यांना दारात उभं करत नाही, एवढं मला माहीत होतं. ती काय बोलते ते मला ऐकायचं होतं.

"त्याचं माप कुठाय पण?" मी विचारलं.

त्यांनी दुसरा फोटो दाखवला. ईशान स्वयंपाकघरात गॅसच्या लाल सिलिंडरला टेकून उभा. बाईंनी आपल्या घरातलं सिलिंडर टेपने मोजलं होतं, मग फोटोतलं सिलिंडर पट्टीने मोजलं, आणि त्या हिशेबाने नातवाची उंची, खांदा, बाही, सगळं कागदावर काढलं होतं. पोट थोडं पुढे आहे, म्हणाल्या, फोटो समोरून आहे म्हणून दिसत नाही, पण सावलीत दिसतं.

पुढचा आठवडा मी त्यांच्या हाताखाली राबले. पोशाखासाठी राखाडी सुती कापड आणलं. त्याची पिसं पाकळीच्या आकारात कापायची, प्रत्येकाच्या कडेला पिको करायचं, आणि कौलांसारखी एकावर एक लावायची. माझी पहिली वीस पिसं त्यांनी उसवायला लावली. मानेला कबुतराची ती हिरवी-जांभळी झाक यायला हवी म्हणून धूपछाव रेशमाचा तुकडा, आडव्या बाजूने उजेड घेतला की रंग बदलणारा. आतून एकही कच्ची कड नाही, सगळीकडे दुहेरी शिवण. मुलाच्या अंगाला काहीही लागता कामा नये, हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की मी चिडले.

केकचा रंग हा मोठा प्रश्न होता. राखाडी खाणं कोणाला आवडत नाही आणि बाटलीतला रंग त्या घरात येऊ देत नसत. त्यांनी काळे तीळ मंद आचेवर भाजले, बारीक वाटले, मलमलमधून चाळले आणि लोण्याच्या क्रीममध्ये मिसळले. हुबेहूब कबुतराचा रंग आला. मानेसाठी पालक आणि बीटाचा रस आटवून घेतला. चोच सोललेल्या बदामाची, डोळे डाळिंबाच्या लाल दाण्यांचे, पाय गाजराच्या मुरंब्याचे. केक भाजला तो ॲल्युमिनियमच्या जुन्या गोल ओव्हनमध्ये, दोन वाडग्यांत, आणि मग सुरीने कोरून छाती काढली. कबूतर मान थोडी वळवून बसलेलं, आत्ता घुमेल असं. मी त्यांच्याकडे रागाने बघत होते आणि तरी त्या कबुतरावरून नजर हलत नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनी केक थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवला. पोशाख वेगळ्या पेटीत. बाहेर आग ओतत होती. गाडी हळू चालवा, ब्रेक जोरात मारू नका, आलमबागला खड्डे आहेत, एवढं सांगून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. आपण यावं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

सोसायटीच्या फाटकाशी निखिल घ्यायला आला. चांगला पस्तिशीचा माणूस, पण चेहरा सतत कोणीतरी ओरडणार असल्यासारखा. मी येणार हे त्याला आईने कळवलं होतं, त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. त्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि तो नुसता बघत राहिला. तेवढ्यात मागून श्वेता आली, कडेवर ईशान. पोराच्या अंगात राखाडी टी-शर्ट, त्यावर फेल्टची पिसं चिकटवलेली, दोन पडलेली. त्याने खोक्यात डोकावलं.

"कबू," तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले.

श्वेताने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग झाकण स्वतः लावलं. मला म्हणाली, "दीदी, आप अंदर आइए. ये गाड़ी में रहेगा. एसी चालू छोड़ दीजिए, पिघलना नहीं चाहिए." पोरगं रडायला लागलं. निखिल काहीतरी म्हणणार होता, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गाडीजवळ थांबला.

घरात पाहुणे अजून यायचे होते. टेबलावर तिचा केक होता. तिनेही कबूतरच केलं होतं. मान खचलेली, अंग बटाट्यासारखं, राखाडीऐवजी मातकट रंग. छातीत एक बोट घालून कोणीतरी आधीच चाखलं होतं. ईशानने रडता रडता ते पाहिलं, थांबला, आणि त्यालाही "कबू" म्हणाला.

मी पोशाखाची पेटी हातात घेऊन आले होते. श्वेताने तो बाहेर काढला, पोराच्या पाठीला लावून पाहिला. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट. तिने मला विचारलं, माप कोणी दिलं. तिला वाटलं, निखिलने. मी सिलिंडरचं सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"मतलब घर में आए बिना भी नाप लेती हैं," ती म्हणाली.

मग तिने पहिल्या वाढदिवसाचं सांगितलं. वर राहत असताना ती तीन आठवडे दुपारी दार लावून फोनवरचे व्हिडिओ बघत शिवण शिकली. तिच्या घरी कधी कोणी सुई धरलेली नव्हती. जूनचा महिना, म्हणून आंब्याचा पोशाख, आंब्याचा केक. खालच्या हॉलमध्ये मंडळाची माणसं, तिचे आईवडील, सगळे जमलेले. ती ईशानला घेऊन जिना उतरली. सासूबाई पुढे आल्या, बाहीत बोट घालून पाहिलं, म्हणाल्या, काखेत काचतेय, आणि कमरेची कात्री काढून पोराच्या अंगावरच बाही कापली. मग पिशवीतून स्वतः शिवलेला आंबा काढला. तो तयारच होता. केकही तयार होता. श्वेताचा केक कोणीतरी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. एकाही फोटोत तिच्या हातचं काही नाही.

हे सगळं ती न रडता सांगत होती, मध्येच उठून फुगे बांधत होती. शेवटी म्हणाली, "और दीदी, बाही सच में टाइट थी. ग़लत होतीं तो मैं झगड़ लेती. सही थीं, इसलिए घर छोड़ना पड़ा."

मी विचारलं, केकचं काय करू. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"बहुत सुंदर है. पर वो अंदर आया तो मेरा वाला फिर रसोई में चला जाएगा. वापस ले जाइए."

पोशाखही तिने घडी घालून पेटीत ठेवला. मला तिच्या केकचा तुकडा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. मी निघाले तेव्हा निखिल गाडीशी उन्हात उभा होता. आईला काय सांगाल, असं त्याने विचारलं. जे झालं ते, मी म्हटलं.

आणि तसंच केलं. परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवत आले, खोटं कशाला सांगू. वर्तकबाई व्हरांड्यातच होत्या. गाडीतून खोकं परत निघालेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बसला का?"

"बसला. पण घातला नाही," मी म्हटलं. मग एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. कात्रीचं, फोटोंचं, रसोईचं, 'सही थीं' हे सुद्धा. सांगताना मला बरं वाटत होतं. आणि सांगून झाल्यावर, कोणी विचारलं नव्हतं तरी, मी गोधडीचंही सांगितलं. ते कच्चे टाके माझ्या आईच्या हातचे होते, आणि आता आईच्या हातचं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

त्यांनी खोक्याचं झाकण सरळ बसवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही चार महिने बोलला नाहीत ते त्यासाठी?"

"हो."

"मला वाटलं, मोटरच्या वेळेवरून."

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. त्यांनी माफी मागितली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "तिचा केक कसा झाला होता?"

"वाकडा. पण पोराने ओळखला."

"आणि आतून?"

"आतून चांगला होता. मी खाल्ला."

त्यांनी मान हलवली. खोकं उघडून कबुतराची छाती सुरीने कापली, एक तुकडा तोंडात टाकला, चावला. तीळ जास्त भाजले गेले, म्हणाल्या, आणि अख्खा केक मला वर न्यायला सांगून आत गेल्या. मी तो पाच दिवस खाल्ला. इतका चांगला केक मी आयुष्यात खाल्लेला नाही. प्रत्येक तुकड्याला मला तेच वाटलं आणि प्रत्येक तुकड्याला राग आला.

त्यानंतर त्यांनी सरोजिनी नगरला काही पाठवलं नाही. श्रावणात नाही, राखीला नाही. स्टेटस मात्र बघत. एकदा मी खाली गेले तर त्या फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं करून ईशानच्या शर्टाच्या काजांकडे बघत होत्या. मला पाहून फोन उलटा ठेवला.

दसऱ्याच्या आसपास त्या पुन्हा वर आल्या. या वेळी दारावर टकटक केली, जे त्या कधी करत नसत. हातात खाकी कागदाची पुडी. त्यांनी ती उघडून मला दाखवली. तो आंब्याचा पोशाख. धुतलेला, इस्त्री केलेला, पण उजवी बाही तशीच, काखेपासून कापलेली, लोंबती.

"श्वेताला नेऊन द्या," त्या म्हणाल्या.

"बाही नाही शिवली?"

"चार वेळा मशीनवर घेतला. चार वेळा काढून ठेवला. आता लवकर घेऊन जा, नाहीतर पाचव्यांदा शिवून टाकीन."

सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. गोधडीबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी पुडी घेऊन श्वेताकडे गेले. तिने बाहीच्या कापलेल्या जागेतून बोट घातलं आणि विचारलं की मम्मीजींनी हे दुरुस्त कसं नाही केलं. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. मग हसणं थांबलं आणि ती पुडी घेऊन आतल्या खोलीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली नागपूरला झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात ईशानचा तिसरा वाढदिवस होता. श्वेताचा फोन मला आला, सासूला नाही. "मम्मी जी से कहिए, आना है तो आपके साथ आ जाएँ. ख़ाली हाथ. और उस दिन कुछ भी ठीक नहीं करेंगी."

मी हे खाली जाऊन शब्दशः सांगितलं. वर्तकबाईंनी ऐकलं आणि विचारलं, किती वाजता. त्या दिवशी त्या टेप काढून आल्या. गाडीत बसल्यावर त्यांचे हात मांडीवर होते आणि त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आधी पदर, मग पट्टा, मग चष्मा.

या वर्षी पोराला ई-रिक्शाचं वेड लागलं होतं. केक ई-रिक्शाचा होता, निळा, एका बाजूला कललेला, तीन चाकांपैकी एक दुसऱ्या दोन्हींपेक्षा मोठं. ईशान ड्रायव्हर झाला होता. निळा कुर्ता, गळ्यात गमछा. कुर्ता श्वेताने शिवला होता. एका बाजूची कड दुसरीपेक्षा दोन बोटं खाली होती. मला दिसली म्हणजे वर्तकबाईंना दारातूनच दिसली असणार. त्या एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, पाठ न टेकता. श्वेताने वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दोघी एकमेकींशी तीन-चार वाक्यं बोलल्या असतील. उकाडा, रस्ता, पाणी घेणार का.

ईशानने खुर्च्या एकामागे एक लावल्या होत्या आणि तो पाहुण्यांना सवारी म्हणून बसवत होता. आजीला त्याने हात धरून मागच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः पुढे बसून तोंडाने घरघर केली आणि मग वळून म्हणाला, "उतरो दादी, कपूरथला आ गया." 'दादी' ऐकून त्यांचं तोंड उघडलं. 'आजी म्हण' हे शब्द ओठांवर आलेले मला दिसले. त्यांनी श्वेताकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खुर्चीवरून उतरल्या.

दोन तास त्यांनी एकही गोष्ट दुरुस्त केली नाही. केक खाल्ला. ताटलीत काही ठेवलं नाही. निघताना श्वेता फाटकापर्यंत आली आणि "फिर आइएगा" म्हणाली. वर्तकबाई "बरं" म्हणाल्या, मराठीत.

गाडीने कानपूर रोडला वळण घेतलं आणि त्यांनी सुरुवात केली. कुर्त्याची कड. दोन बोटं नाही, अडीच. काजं बटणांपेक्षा मोठी. गळ्याला अस्तर नाही, पोराची मान लाल झाली होती, कोणी पाहिली का. केकमध्ये बेकिंग पावडर चमचाभर जास्त, म्हणून मधून फुगून तडकला, तो तडा क्रीमने बुजवला. निळा रंग बाटलीतला. तिसरं चाक तर सोडाच. समोशांचं तेल जुनं. पडदे आखूड. निखिल वाळलाय. फुगे पंख्याखाली का बांधतात लोक. आलमबाग गेलं, चारबाग गेलं, हजरतगंजच्या सिग्नलला आम्ही उभे राहिलो तरी त्या बोलत होत्या. दोन तासांचं सगळं माझ्या गाडीत ओतत होत्या. मी काचा वर केलेल्या होत्या, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

निशातगंजच्या पुलावर त्या एकदम थांबल्या. मला वाटलं, संपलं.

"मी दुसरा तुकडा घेतला," त्या म्हणाल्या.

"पाहिलं मी."

"कोणी आग्रह केला नव्हता."

याच्यापुढे घर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. फाटकाशी उतरल्या, दार जोरात लावलं आणि खाली वाकून काचेतून म्हणाल्या, "देशमुख, गाडी वाकडी लावलीत." मग आत गेल्या.

पुढचे चार दिवस मी सामान बांधण्यात आणि ऑफिसचा चार्ज देण्यात होते. निघाले त्या पहाटे त्यांचं दार बंद होतं, किल्ली मी पत्रपेटीत टाकली. त्यामुळे त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी. मी गाडीतून उतरले, कुलूप लावलं आणि जिन्याकडे वळले. खालच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला, त्या गाडीकडे बघत होत्या. पडदा पडला. मी जिना चढत असताना पुन्हा बाजूला झाला. त्या बाहेर येतील, म्हणून मी वरच्या पायरीवर थोडा वेळ थांबले. त्या आल्या नाहीत. गाडी मी तशीच ठेवली.